पहुडलेला खजिनदार

मारुती म्हटला की तो बहुधा उभा असतो. एक तर हातावर डोंगर घेऊन उडायच्या बेतात, नाही तर रामापुढे हात जोडून. अगदी वेशीवरचा, शेंदराच्या थराखाली नाकडोळे हरवलेला असला, तरी उभाच. जामसांवलीचा मारुती मात्र पहुडलेला आहे. सौंसरजवळ, जाम आणि सर्पा नद्यांच्या शेजारात, पिंपळाखाली तो निवांत आडवा झालाय, आणि नागपूर-छिंदवाड्यापासूनची माणसं मंगळवार-शनिवारी रुईच्या माळा घेऊन त्याच्यापुढे रांगा लावतात.

तो आडवा का झाला, याची कथा तिथलं पोरही सांगतं. पूर्वी हाही चारचौघांसारखा उभा होता म्हणे. त्याच्या पायाखाली धन पुरलेलं आहे असा सुगावा चोरांना लागला. त्यांनी मूर्ती हलवायचा घाट घातला. घोडे जुंपले होते असंही कोणी कोणी सांगतं. तेव्हा मारुतीरायानं ना गदा उगारली ना शेपटी पेटवली. तो सरळ धनावर आडवा झाला. हलवा आता!

मला ही कथा आवडते ती भक्तीपेक्षा हिशेबाच्या अंगानं. धनाचे राखणदार आपण बरेच ऐकलेत. नाग फणा काढतो, भूत भेडसावतं. पण खजिन्यावर अंग टाकून देणं आणि शतकानुशतकं तसंच पडून राहणं, ही खरी खजिनदाराची वृत्ती. कुठल्याही राज्याच्या वित्त सचिवाला अंदाजपत्रकाच्या आदल्या रात्री नेमकं हेच करावंसं वाटत असणार. त्याला ते करता येत नाही, कारण त्याची बदली होते. मारुतीची होत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये मध्य प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी इथं ‘हनुमान लोक’ या मंदिर-परिसराचं भूमिपूजन केलं. उज्जैनच्या ‘महाकाल लोक’च्या धर्तीवरचा, तीनशे कोटींहून मोठा आराखडा. निवडणूक नोव्हेंबरात होती. छिंदवाडा हा काँग्रेसच्या कमलनाथांचा गड, आणि कमलनाथांनी आपला एकशेएक फुटी हनुमान सिमरियाला आधीच उभा केलेला. तेव्हा एक उभा आणि एक आडवा, अशी ती लढत होती. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा जिल्हा झाला तोही त्याच हंगामात, ऑक्टोबर २०२३ मध्ये. देव आणि जिल्हे यांचे बहार आमच्याकडे निवडणुकीच्या पावसावर धरतात.

आता योगायोग असा, की जामसांवलीत गर्दी होते त्या मंगळवारीच मुंबईत रिझर्व्ह बँक राज्यांच्या कर्जरोख्यांचा लिलाव करते. इकडे सकाळी नारळ फुटत असतात आणि तिकडे मध्य प्रदेश सरकार, महाराष्ट्र सरकार, तमिळनाडू सरकार आपापली पाटी पुढे सरकवून बसलेली असतात: अमुक हजार कोटी हवेत, इतक्या वर्षांनी परत देऊ. बँका आणि विमा कंपन्या व्याजदर बोलतात. संध्याकाळपर्यंत कोणाला किती मिळाले ते ठरतं. बुधवारी पेपरात बातमी येते की सरकारनं पुन्हा कर्ज काढलं, आणि विरोधी पक्ष विचारतो की राज्य गहाण टाकायचा विचार आहे काय.

या मंगळवारांची बेरीज लहान नाही. मार्च २०२५ अखेर मध्य प्रदेशवरचं कर्ज चार लाख एकवीस हजार कोटींच्या आसपास सांगितलं गेलं. गंमत म्हणजे २०२५-२६ चं राज्याचं अख्खं अंदाजपत्रकही तेवढ्याच रकमेचं होतं. म्हणजे सरकारनं वर्षभर पगार दिला नाही, खडी टाकली नाही, दिवासुद्धा लावला नाही, तर हिशेब बरोबर होईल. त्या वर्षी आपण काय खायचं, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ विचारत नाहीत.

एवढा मोठा आकडा कोणाच्या अंगावर येत नाही, म्हणून त्याला माणशी भागायची पद्धत आहे. लोकसंख्येनं भागलं की दरडोई पन्नास हजारांच्या आसपास येतात. देवळाबाहेर नारळ विकणाऱ्या एका बाईंना मी हे गणित मोठ्या गंभीरपणे सांगितलं. त्यांनी सुटे पैसे मोजता मोजता ऐकून घेतलं. म्हणाल्या, “माह्या डोक्यावर पन्नास हजार?”

“हो ना, बाई.”

“मंग माह्या हिश्श्याचे पैसे उचलले कोनं?”

अर्थशास्त्रावरची चार पुस्तकं मी चाळली आहेत. हा प्रश्न त्यांत इतक्या सरळ कुठं भेटला नाही.

खरं तर राज्यकर्त्याला कर्जावरून जोखायचं की नाही, हा वाद त्या बाईंच्या प्रश्नापाशीच सुरू व्हायला हवा. पण तो सुरू होतो वजाबाकीपाशी. आले तेव्हा इतकं होतं, गेले तेव्हा इतकं; मधला फरक यांच्या माथी. अमेरिकेत हा खेळ राष्ट्राध्यक्षांच्या नावानं खेळतात. ओबामा आले तेव्हा देशावर १०.६ लाख कोटी डॉलर होते, गेले तेव्हा १९.९. मग ट्रम्प आले आणि चार वर्षांत ते २७.८ वर गेले. पहिल्या वजाबाकीवर एका पक्षाचे लोक टाळ्या वाजवतात, दुसरीवर दुसऱ्याचे. दोन्ही वजाबाक्या बरोबर आहेत. दोन्हींमध्ये एकेक संकट दडलेलं आहे, २००८ ची मंदी आणि २०२० ची महामारी, पण वजाबाकीला दोनच रकाने असतात. संकटाचा तिसरा रकाना नसतो.

आपल्या राष्ट्रपतींच्या माथी असलं काही मारायची सोय घटनेनं ठेवलेली नाही. अंदाजपत्रकाला त्यांची शिफारस लागते, पण खर्चाच्या तंट्यात त्यांना कोणी ओढत नाही. आपल्याकडे हा मान मुख्यमंत्र्यांचा.

आणि मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत पहिली अडचण तारखेची आहे. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. सरकारं मात्र वाटेल तेव्हा येतात. २०२३-२४ हेच वर्ष घ्या. अंदाजपत्रक शिवराजसिंहांच्या सरकारचं. ‘लाडली बहना’ही त्यांची: जून २०२३ पासून महिना हजार, ऑक्टोबरपासून साडेबाराशे, सव्वा कोटींच्या वर बायकांच्या खात्यात. निवडणूक जिंकली, आणि १३ डिसेंबरला शपथ घेतली त्यांच्याच पक्षाच्या मोहन यादवांनी. त्यानंतरचा प्रत्येक हप्ता त्यांच्या सरकारनं भरला. तर या वर्षाचं कर्ज कोणाचं? वचन देणाऱ्याचं की पाळणाऱ्याचं? अमेरिकेतही तसंच, राष्ट्राध्यक्ष जानेवारीत शपथ घेतो आणि सप्टेंबर अखेरपर्यंत आधीच्याच अंदाजपत्रकावर घर चालवतो.

याहून मजेदार उदाहरण आमच्याच राज्यात आहे. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं. जमिनी, इमारती, नोकर वाटले गेले तसं कर्जही वाटलं गेलं, त्याचा मोठा भाग लोकसंख्येच्या प्रमाणात. त्या दिवशी भोपाळमध्ये मुख्यमंत्री होते काँग्रेसचे दिग्विजयसिंह. एक पैसा न फेडता त्यांच्या राज्याच्या डोक्यावरचा बोजा एका रात्रीत हलका झाला. वजाबाकीवाल्यांच्या न्यायानं त्यांना त्या रात्रीचं बक्षीस द्यायला हवं होतं. जनतेनं तीन वर्षांनी त्यांना घरी पाठवलं.

ते का पाठवलं, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा नागपूरहून सावनेरमार्गे सौंसरला येताना महाराष्ट्राची हद्द संपल्याची पाटी वाचायची गरज नसे. झोपलेला माणूसही डोकं छताला आपटून जागा होई आणि म्हणे, “आलं आपलं राज्य.” रात्र असली तर शेजारच्या गावांतला अंधारही साक्षीला असायचा. २००३ ची निवडणूक ‘बिजली, सडक, पानी’ या तीन शब्दांवर लढली गेली. कर्ज हा चौथा शब्द कोणी उच्चारल्याचं आठवत नाही. आज त्या काळच्या कर्जाचा आकडा आजच्या शेजारी ठेवला तर तो कटोरीएवढा दिसतो, आणि काँग्रेसचे लोक तो मोठ्या अभिमानानं ठेवतातही. पण ती कटोरी आम्ही त्या रस्त्यांवरूनच नेलेली आहे. तिच्यात काही उरत नसे.

अमेरिकेचा सातवा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन मला म्हणूनच ओळखीचा वाटतो. कर्जाचा त्याला मनापासून तिटकारा होता. जानेवारी १८३५ मध्ये त्यानं देशाचं सगळं कर्ज फेडून टाकलं. अमेरिकेच्या इतिहासात हे एकदाच झालं. कर्जावरून नंबर द्यायचा तर या माणसाच्या पुढं कोणी नाही. त्यासाठी त्यानं काय केलं? रस्त्यांचे खर्च अडवले. केंटकीतल्या मेसव्हिल रस्त्याचं विधेयक १८३० मध्ये त्यानं नकाराधिकार वापरून परत पाठवलं. पश्चिमेकडच्या सरकारी जमिनी विकून तिजोरी भरली. आणि त्याच वर्षी मूळनिवासी जमातींना त्यांच्या भूमीवरून हुसकायचा कायदा त्याच्याच सहीनं झाला. कर्ज शून्य झालं, जमिनीच्या सट्ट्याचा फुगा फुगला, आणि १८३७ मध्ये फुटला. तोवर जॅक्सन घरी जाऊन बसला होता. फुग्याचा आवाज झाला तो व्हॅन ब्युरेनच्या कानाशी, आणि १८४० ची निवडणूक हरला तोही व्हॅन ब्युरेनच.

आमच्याकडेही असाच एक किस्सा घडला. १९९१ मध्ये देशाचं सोनं परदेशात जायला सुरुवात झाली तेव्हा पंतप्रधान चंद्रशेखर होते. जेमतेम काही महिन्यांचं सरकार. उधारी साठली होती १९८० च्या दशकात, आखाती युद्धानं तेल महाग केलं, आणि सोन्याची पेटी उचलायची वेळ आली ती यांच्यावर. लोकांच्या डोळ्यांपुढे राहिली ती पेटी.

पण कर्ज न काढता तिजोरी भरायची विद्या बघायला इतक्या दूर कशाला जायचं? सौंसर-पांढुर्ण्याचा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. दुसरे रघूजी भोसले १८०३ मध्ये इंग्रजांशी लढून हरले, आणि देवगावच्या तहानं कटक गेलं, वऱ्हाड गेलं. मुलूख आटला, फौजेचा खर्च उरला. मग त्यांनी उरलेल्या रयतेला पिळून घ्यायला सुरुवात केली. सारा वाढवला, इनामं काढून घेतली, धनवंतांच्या घरांवर नजर ठेवली. लोकांनी त्यांना नाव ठेवलं ‘बडा बनिया’. हे इंग्रजांच्या गॅझेटियरांत लिहिलेलं आहे, आणि मुलूख ज्यानं घ्यायचा तोच आधीच्या धन्याच्या कारभाराचे वाभाडे काढतो हे धरून त्यातलं थोडं कमी करायला हरकत नाही. पण टोपणनाव काही साहेबानं पाडलेलं नाही. सावकाराच्या दारात न जाणारा राजा कधी कधी रयतेच्या दारात सावकार होऊन येतो, एवढं आमच्या पणजोबांच्या पणजोबांना कळलेलं होतं.

उलट पहिला बाजीराव बघा. माळवा, गुजरात, दिल्लीची वेस, पालखेड, भोपाळ. आणि या सगळ्याच्या मागं कर्ज, कर्ज, कर्ज. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत हा अजिंक्य सेनापती सावकारांच्या तगाद्यानं रडकुंडीला आलेला दिसतो. स्वामी स्वतःही त्याचे एक धनको होते, त्यामुळं ही तक्रार योग्य ठिकाणी होत होती असं म्हणवत नाही. १७४० मध्ये रावेरखेडीला, आमच्याच राज्यात नर्मदाकाठी, तो गेला आणि कर्ज मागं राहिलं. पानिपतानंतर त्यात भर पडली. नातू थोरला माधवराव वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला मरणाच्या दारात असताना कारभाऱ्यांकडून नऊ कलमांची यादी कबूल करून घेतो, तिच्यात दौलतीचं कर्ज फेडण्याचंही कलम आहे. क्षयानं खंगलेल्या माणसाला शेवटच्या दिवसांत हे आठवतं. अशी मृत्युपत्रं आजकाल निघत नाहीत. आजकाल श्वेतपत्रिका निघते, आणि ती नेहमी आधीच्याच्या कारभाराची असते.

याच घराण्यातला शेवटचा, दुसरा बाजीराव. १८१८ मध्ये राज्य इंग्रजांच्या हवाली केलं, सालीना आठ लाखांची पेन्शन घेतली, बिठूरला तेहतीस एक वर्षं सुखानं काढली आणि १८५१ मध्ये मागं मालमत्ता ठेवून गेला. ताळेबंद लावला तर पेशव्यांमध्ये हाच सगळ्यांत सुस्थितीतला निघेल. महाराष्ट्रात किंवा आमच्याकडे, त्याच्या नावानं कोणी मुलाचं नाव ठेवत असेल तर ते पहिल्या बाजीरावाच्या भरवशावर.

म्हणजे कर्ज काढा, मोठे व्हा, असं मला सांगायचंय का? तसं नाही. आमचा भाग संत्र्याचा आहे, म्हणून तिथूनच सांगतो. (आमचं संत्रं बाजारात नागपुरी म्हणून खपतं. पीक आमचं, नाव नागपूरचं. श्रेय आणि देणं यांची गावं वेगळी असतात याची आम्हाला लहानपणापासून सवय.) माणूस जंबेरीच्या खुंटावरची कलमं आणतो, विहीर खोदतो, ठिबक टाकतो, सोसायटीचं आणि बँकेचं कर्ज अंगावर घेतो. पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत झाड फक्त खातं. या काळात त्याच्या खात्याकडं पाहिलं तर हा गावातला सगळ्यांत बुडीत शेतकरी. शेजारी ज्यानं बगीचाच लावला नाही, तो कसा ताठ. आंबिया बहार फुटून व्यापारी बांधावर गाडी उभी करतो, तोपर्यंत कारभार कदाचित पोराच्या हाती गेलेला असतो, आणि गाव म्हणतं, पोरगा हुशार निघाला. दुसरा एक गडी तेवढंच कर्ज काढून पोरीचं लग्न दणक्यात करतो. पंगती उठतात, फटाके वाजतात. बँकेच्या वहीत दोघांचे आकडे सारखे. आणि तिसराही असतो: ज्यानं बगीचासाठी म्हणून पैसा घेतला, अर्धा कलमवाल्यानं खाल्ला, आणि झाडं डिंक्या रोगानं गेली.

मुख्यमंत्र्याच्या खुर्चीची मुदत पाच वर्षं आणि संत्र्याला फळ धरायची मुदत पाच-सहा वर्षं. लोकशाहीचा सगळा घोटाळा मला या एका वर्षात दिसतो. ज्याला पाचव्या वर्षी मतं मागायची आहेत, त्यानं सहाव्या वर्षी फळणारं झाड का लावावं? तो फटाके आणतो. केंद्र सरकार २०२०-२१ पासून राज्यांना भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज देतंय. योजना चांगली आहे. पण त्या कर्जाची मुदत संपेल तेव्हा सही करणाऱ्या मुख्यमंत्र्याला जाब विचारायला जायचं, तर त्याच्या पुतळ्यापुढंच जावं लागेल, आणि पुतळाही बहुधा त्याच कर्जातून झालेला असेल.

बायकांच्या खात्यात जाणाऱ्या पैशाबद्दल मात्र मला शहरी लोकांसारखं नाक मुरडता येत नाही. आमच्याकडे सीमेपलीकडच्या सावनेर-नरखेडशी रोटी-बेटी आहे. मोठी बहीण सौंसरात दिलेली, धाकटी सावनेरात. मोठीला भोपाळहून पैसे यायला लागले तेव्हा धाकटीला काही नव्हतं, आणि राखीला त्यावरून बोलणं निघालं. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रानं ‘लाडकी बहीण’ काढली, दीड हजारांची. बोलण्याची दिशा बदलली. मग नोव्हेंबर २०२५ पासून भोपाळनंही दीड हजार केले. दोन बहिणींची बरोबरी झाली. या बरोबरीपायी दोन सरकारांनी किती मंगळवार लिलावात घालवले ते त्यांनाच ठाऊक. महाराष्ट्राचा मार्च २०२६ अखेरचा अंदाज तर नऊ लाख बत्तीस हजार कोटींचा होता. पण त्या दीड हजारात मोठीनं पहिल्यांदा स्वतःच्या नावानं गॅसची टाकी भरली आणि नवऱ्याला सांगितलं की विचारू नका. हे भांडवली खर्चाच्या रकान्यात बसत नाही. फटाक्याच्या रकान्यातही बसत नाही. कोणत्या रकान्यात घालायचं, यावर दोन अर्थतज्ज्ञांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही, आणि माझंही माझ्याशी रोज होतंच असं नाही. फक्त एवढं वाटतं, की महिन्याच्या खर्चासाठी महिन्याच्या मिळकतीतून पैसा काढावा. बहिणीला ओवाळणी घालायला सावकाराकडं जाणारा भाऊ प्रेमळ असेलही, पण पुढच्या राखीला तो येईल याची खात्री नाही.

कर्जमाफीची गोष्टही अशीच. १७ डिसेंबर २०१८ ला कमलनाथांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतल्या घेतल्या पहिली सही केली ती शेतकऱ्यांच्या दोन लाखांपर्यंतच्या कर्जमाफीवर. आमच्या भागात तेव्हा गुलाल उधळला गेला, आणि उधळणारे चुकीचे नव्हते. पण कर्ज माफ होतं म्हणजे मरत नाही. ते फक्त गाव सोडून भोपाळला राहायला जातं. पंधरा महिन्यांत सरकार पडलं, माफी अर्धवट राहिली. काही कर्जं भोपाळला पोचली, काही बसस्टँडवरच राहिली. आणि ज्या बाईनं किंवा शेतकऱ्यानं नियमानं हप्ते भरले, त्यांच्या वाट्याला गुलालाची नुसती धूळ आली.

वजाबाकीवाल्यांनी अजून एका गोष्टीकडं बघावं, ती म्हणजे जे कर्ज आकड्यात दिसतच नाही. ठेकेदाराचं बिल दोन वर्षं थकवलं, तर ते कर्ज नाही. पुलाखालून पाणी वाहतं, पुलावरून ठेकेदार मंत्रालयात चकरा मारतो. कागदावर सरकार ठणठणीत. वीज मंडळं वर्षानुवर्षं तोट्यात बुडाली, ते देणं त्यांच्या नावावर राहिलं. २०१५ नंतर ‘उदय’ योजनेत राज्यांनी त्याचा मोठा भाग आपल्या अंगावर घेतला, आणि राज्यांचं कर्ज एकदम फुगलं. खरं म्हणजे त्या दिवशी कोणी नवा रुपया उधार घेतला नव्हता, जुनाच खोलीतून ओसरीवर आणून ठेवला होता. जो प्रामाणिकपणे ओसरीवर आणतो त्याला आपण कर्जबाजारी म्हणतो, आणि जो खोलीला कुलूप लावतो तो काटकसरी ठरतो. कर्जाच्या आकड्यावर माणूस जोखण्याला माझा सगळ्यांत मोठा आक्षेप हा आहे: त्यामुळं राज्यकर्ते कर्ज कमी घेत नाहीत, लपवायला शिकतात.

आणि कर्जाला लगाम घालायचं घटनेला आधीच सुचलेलं आहे. २९३ व्या कलमानं राज्याला देशाबाहेर कर्ज काढता येत नाही, आणि केंद्राचं देणं बाकी असेल तर देशातही केंद्राला विचारल्याशिवाय नाही. वर वित्तीय उत्तरदायित्वाचे कायदे आहेत. राज्याच्या उत्पन्नाच्या सुमारे तीन टक्क्यांपर्यंत तूट चालेल, त्यापुढं नाही. मध्य प्रदेशचं वार्षिक उत्पन्न २०२४-२५ मध्ये पंधरा लाख कोटींच्या घरात होतं. त्याच्याशी मोजलं तर सव्वाचार लाख कोटींचं कर्ज पाव भागाच्या थोडं वर जातं. घर विकावं लागेल अशी अवस्था नाही. घर आपलंच आहे असं समजून पाय पसरावेत, अशीही नाही. शिवराजसिंहांच्या पावणेसतरा वर्षांत कर्ज कैक पटींनी वाढलं, तसे सौंसरचे रस्ते सपाट झाले, शेताला वीज आली, गव्हाची खरेदी वाढली. यातलं किती त्या कर्जानं झालं आणि किती कर्जाशिवायही झालं असतं, याचा हिशेब एका वजाबाकीत निघत नाही. तो काढायला महालेखापरीक्षकांचे अहवाल वाचावे लागतात. ते विधानसभेत ठेवले जातात, कोणालाही मोफत वाचता येतात, आणि म्हणूनच कोणी वाचत नाही.

माझा निकाल विचाराल तर पहिला बाजीराव आणि माधवराव पास, बडा बनिया नापास, आणि जॅक्सन गणितात पहिला पण शाळेतून काढलेला. शिवराजसिंहांना मी रस्त्यांचे मार्क देईन आणि शेवटच्या वर्षाच्या घोषणांचे कापीन. दिग्विजयसिंहांना कर्ज कमी ठेवल्याचे मार्क द्यायला माझी पाठ तयार नाही. तिला तो रस्ता आठवतो. मोहन यादवांचा पेपर अजून चालू आहे.

मध्य प्रदेशात विधानसभेची पुढची निवडणूक २०२८ च्या अखेरीस आहे. सौंसर आणि पांढुर्णा दोन्हीकडं उमेदवार मराठीत मतं मागतील आणि हिंदीत आकडे सांगतील. एक म्हणेल, त्यांनी राज्य कर्जात बुडवलं. दुसरा म्हणेल, आम्ही विकास केला. ओट्यावर आलेल्याला चहा द्या, आकडा पूर्ण सांगू द्या, मधे बोलू नका. सांगून झाला की त्या नारळवाल्या बाईंचा प्रश्न विचारा: भाऊ, माझ्या हिश्श्याचे पैसे कोणी उचलले, आणि कुठं लावले? उत्तरात एखाद्या रस्त्याचं, शाळेचं, कालव्याचं नाव घेतलं, तर दुसऱ्या दिवशी जाऊन ते जागेवर आहे का बघून या.